प्रोसेसरला ‘तू कोण?’ विचारलं तर

लिनक्स चालणाऱ्या कुठल्याही संगणकात ‘प्रोक’ फोल्डर उघडा. तिथे ‘सीपीयूइन्फो’ नावाची फाईल दिसेल. आकार? शून्य बाइट! पण उघडली, की मजकुराच्या ओळींवर ओळी. आल्या कुठून? ही फाईल डिस्कवर नसतेच. तुम्ही वाचायला घेता, त्या क्षणी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती लिहून तुमच्यापुढे धरतो.

या ओळी वाचून कितीतरी प्रोग्रॅम यंत्रात किती प्रोसेसर आहेत ते ठरवतात. युक्ती सोपी: ‘प्रोसेसर’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी मोजायच्या. इंटेल-एएमडीवर ती बिनचूक चालते. पण फक्त ‘देशमुख’ लिहिलेल्या पाट्या मोजून कुणी वाशीमची घरं मोजली तर? बाकीची घरं सुटणारच! इतर घराण्यांच्या प्रोसेसरांचंही तसंच होतं.

१९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, आणि त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने ‘परम १००००’ महासंगणक उभा केला. त्यात सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क चिप होत्या. या घराण्याच्या यंत्रावर लिनक्स चढवलं, तर त्या फाईलमध्ये ‘एनसीपीयूज अ‍ॅक्टिव्ह’ अशी एकच ओळ सगळा हिशेब सांगून मोकळी होते. ‘प्रोसेसर’ ओळी शून्य! धडधडत चाललेल्या यंत्रात एकही प्रोसेसर नाही, असा निष्कर्ष काढून बिचारा प्रोग्रॅम शून्याने भागायला जातो आणि कोसळतो. पुढे ‘परम पद्म’मध्ये आयबीएमच्या पॉवर४ चिप आल्या. त्यांची तऱ्हा आणखी वेगळी: वेग ‘क्लॉक’ नावाखाली, आणि आकड्याला ‘मेगाहर्ट्‌झ’ चिकटलेलं.

आणि शाळेच्या टेबलावर मावणारा रास्पबेरी पाय ४? ६४ बिटी लिनक्समध्ये तो प्रोसेसरचं नावच सांगत नाही, नुसते सांकेतिक आकडे देतो. निर्माता: ४१, भाग: डी०८. हा ४१ दहाच्या नव्हे, सोळाच्या पायावर लिहिलेला, म्हणजे चार सोळे चौसष्ट आणि एक, पासष्ट. संगणकाच्या अक्षरमालेत पासष्टावर कोण बसलंय? इंग्रजी ‘ए’. आर्म कंपनीचं आद्याक्षर! क्वालकॉमचा आकडा ५१. तोही असाच उलगडा, ‘क्यू’ निघेल.

मग दुरुस्ती कशी करतात? संख्या हवी असेल तर ओळी मोजायच्याच नाहीत, थेट कर्नलला विचारायचं. तो कुठल्याही घराण्याच्या यंत्रावर नेमका आकडा देतो. नावासाठी मात्र कोष्टक लागतं: ४१ आणि डी०८ म्हणजे कॉर्टेक्स-ए७२. ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा असंच कोष्टक पोटात बाळगते. नवी चिप आली, की कुणीतरी त्यात एक ओळ वाढवतं.

आता रिस्क-व्ही घराणं आलंय. सी-डॅकचे स्वदेशी ‘वेगा’ प्रोसेसर त्यातलेच. ही मंडळी नावाऐवजी आपलं कसब अक्षरांत सांगतात: ‘एम’ असेल तर गुणाकार-भागाकार येतो, ‘एफ’ असेल तर दशांश चिन्हाचे आकडे पेलतात.