६४१ जणांवर प्रेम

'हर' पाहिलाय ना? २०१३चा, स्पाइक जोन्झचा. (स्पॉयलर आहे, बरं का!) थिओडोर पैसे घेऊन दुसऱ्यांची प्रेमपत्रं लिहितो आणि स्वतः प्रेमात पडतो समँथाच्या. समँथा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. दिसत नाही, फक्त स्कार्लेट जोहान्सनचा आवाज. एकदा मेट्रोच्या जिन्यात बसून तो विचारतो, आत्ता अजून किती जणांशी बोलतेयस? ८,३१६. आणि प्रेम? ६४१ जणांवर.

आपण लगेच म्हणतो, फसवलं यार! पण थांबा. विचारल्यावर तिने खरं तेच सांगितलंय. वाटल्याने तिचं प्रेम कमी होत नाही, त्याला मात्र ती 'फक्त माझी' हवीय. आणि गंमत बघा, हाच माणूस रोज कितीतरी परक्या जोडप्यांसाठी हळवं हळवं लिहितो. ती पत्रं आपल्याला खोटी वाटत नाहीत.