सिक्सर तुमच्याच सीटकडे येतोय आणि तुम्ही व्हिडिओ काढताय? मोबाईलच्या स्क्रीनवर बॉल वेळेत का दिसत नाही, समजून घ्या

स्टेडियममध्ये मॅच बघायला गेल्यावर आपण आधी काय करतो? सीट शोधतो, सेल्फी काढतो, स्टोरी टाकतो. शेवटच्या ओव्हर्समध्ये आवडता बॅट्समन स्ट्राइकवर आला की आजूबाजूचे सगळे हात वर जातात आणि प्रत्येक हातात मोबाईल, रेकॉर्डिंग चालू. सिक्सर बसला तर तो आपल्या कॅमेऱ्यात पाहिजे, एवढीच इच्छा असते. पण तो तुमच्याच दिशेने आला तर?

असं रोज घडत नाही, पण घडतं. जुलै २०२२ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर रोहित शर्माचा पुल शॉट स्टँडमध्ये बसलेल्या एका लहान मुलीला लागला. खेळ थोडा वेळ थांबला आणि इंग्लंडचे फिजिओ तिच्याकडे धावले. सुदैवाने ती बरी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये जोहान्सबर्गला संजू सॅमसनच्या सिक्सरने एका तरुणीच्या चेहऱ्याला मार बसला. गालाला बर्फ लावून रडणारी ती मुलगी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. संजूने मैदानातूनच हात करून तिची माफी मागितली.

मग प्रश्न येतो की एवढ्या लांबून येणारा बॉल लोकांना चुकवता का येत नाही? चला, सोप्या हिशोबाने बघू.

बॉल किती जोरात येतो?

गल्लीत टेनिस बॉलवर खेळलेल्यांना वाटतं, पकडू की! पण टेनिस बॉल साधारण ५८ ग्रॅमचा असतो. पुरुषांच्या मॅचमधला सीझन बॉल असतो १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास तिप्पट वजनाचा आणि वरून कडक.

मोठा सिक्सर बॅटवरून ताशी १२५ किलोमीटरच्या आसपास वेगाने निघाला असं धरा. हवेच्या अडथळ्याने त्याचा वेग कमी होतो, तरी स्टँडमध्ये पोहोचताना तो ताशी ९० च्या घरात असू शकतो. तेव्हा त्याच्यात जेवढी ऊर्जा असते, तेवढीच पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली ५ मीटर उंचीवरून पडल्यावर असते. फरक इतकाच की इथे सगळा मार एका छोट्या, टणक जागेवर बसतो. तो डोळ्याला किंवा कानशिलाला बसला तर काय होईल, सांगायला नको.

तुमच्या हातात किती वेळ असतो?

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून ५९.४३ ते ८२.२९ मीटरवर असते. उंच उडालेला सिक्सर हवेत चारेक सेकंद असतो. सपाट मारलेला मात्र दोन-सव्वादोन सेकंदांत पुढच्या रांगांत येऊन आदळतो.

दोन सेकंद कमी वाटतात, पण नजर बॉलवर असेल तर मान वळवून हाताने डोकं झाकायला ती पुरतात. व्हॉट्सअ‍ॅपचा एक मेसेज वाचायलाही तेवढाच वेळ लागतो.

पण मी तर कॅमेऱ्यातून बॉलच बघत असतो ना?

इथेच खरी गंमत आहे. मोबाईलचा मुख्य कॅमेरा (१x) वाइड असतो. आडवा धरला तर ६५ मीटर अंतरावरचा साधारण ९० मीटर रुंदीचा भाग तो फ्रेममध्ये घेतो. फुल एचडी व्हिडिओची रुंदी १९२० पिक्सेल. म्हणजे एका मीटरच्या वाट्याला जेमतेम २१ पिक्सेल येतात. बॉलचा व्यास सुमारे ७.२ सेंटीमीटर, म्हणून स्क्रीनवर तो उरतो फक्त दीड पिक्सेलचा! ०.५x वर तर एका पिक्सेलपेक्षाही लहान. फ्लडलाइट्स आणि गर्दीच्या रंगात असा ठिपका हरवून जातो.

तो स्क्रीनवर ठळक कधी दिसतो? बॉल तुमच्यापासून १० मीटरवर आला की तो साधारण १० पिक्सेलचा होतो. ताशी ९० च्या वेगाने ते १० मीटर कापायला त्याला लागतात ०.४ सेकंद. नुसतं दिसल्यावर हालचाल सुरू करायलाच आपल्याला पाव सेकंद जातो. उरलेल्या वेळात मोबाईल बाजूला करून डोकं झाकणं जवळपास अशक्य.

आणखी एक. डावीकडे-उजवीकडे सरकताना दिसणारा बॉल शेजारून निघून जातो. जो थेट तुमच्याकडे येतो तो एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो, फक्त मोठा होत जातो. उघड्या डोळ्यांना हे बऱ्यापैकी आधी कळतं. स्क्रीनवरच्या दीड पिक्सेलवरून ते कळत नाही.

झूम केलं तर? बॅट्समन मोठा दिसतो, पण बॉल हवेत उडाला की लगेच फ्रेमबाहेर जातो आणि तुम्ही तो शोधत बसता.

स्टेडियममध्ये बसून अ‍ॅपवर लाइव्ह बघत असाल तर?

रिप्ले आणि कॉमेंटरीसाठी बरेच जण तसं करतात. पण अ‍ॅपवरचं लाइव्ह मैदानापेक्षा काही सेकंदांपासून अगदी अर्ध्या मिनिटापर्यंत मागे असू शकतं. कारण कॅमेऱ्यातलं चित्र आधी कॉम्प्रेस होतं, मग त्याचे काही सेकंदांचे छोटे तुकडे पडतात, ते सर्व्हरवरून तुमच्यापर्यंत येतात आणि अडकू नये म्हणून अ‍ॅप त्यातले दोन-तीन तुकडे आधी साठवून ठेवतं. म्हणजे स्क्रीनवर बॉलर रनअप घेत असतो, तेव्हा खरा बॉल कधीच स्टँडमध्ये जाऊन पडलेला असतो.

मग मोबाईलवर अलर्ट का येत नाही?

हॉक-आयसारख्या सिस्टीममध्ये मैदानाभोवतीच्या कॅमेऱ्यांतून बॉलची जागा मोजली जाते. तरी दोन-तीन सेकंदांत बॉल कुठे पडणार हे काढून, त्याच सीटवरच्या माणसाला नोटिफिकेशन पाठवून, त्याने ते वाचून बाजूला व्हायचं हे जमणारं नाही. त्यात हजारो मोबाईल एकाच टॉवरवर असतात. शिवाय अलर्ट आला की माणूस वर बघण्याऐवजी मोबाईलकडेच बघेल!

जाळी हा दुसरा उपाय. अमेरिकेत बेसबॉलमध्ये २०१८ साली लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये बॉल लागून एका वयस्कर प्रेक्षक महिलेचा मृत्यू झाला. २०२० च्या सीझनपर्यंत मेजर लीगच्या सगळ्या ३० टीम्सनी संरक्षक जाळ्या आणखी लांब नेल्या. पण बेसबॉलमध्ये धोक्याच्या जागा मुख्यतः ठरावीक बाजूंना असतात. क्रिकेटमध्ये बॉल चारही दिशांना जातो, त्यामुळे पूर्ण मैदानाला जाळी लावणं अवघड. थोडक्यात, क्रिकेटमध्ये सगळ्यात भरवशाचा सेन्सर म्हणजे तुमचे डोळे.

मॅचला जाताना एवढं लक्षात ठेवा

• बॉलर रनअपला निघाला की नजर मैदानावर. मेसेज, रील, स्टोरी दोन बॉलच्या मधल्या वेळात.

• व्हिडिओ हवाच असेल तर मोबाईल छातीजवळ धरा, रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि स्क्रीनवरून नजर उचलून मैदानाकडे बघा. ४के मध्ये शूट केलं तर नंतर हवा तो भाग क्रॉप करता येतो.

• बॉल मोठा होत येताना दिसला तर दोन्ही हातांनी डोकं झाका, तोंड फिरवा आणि खाली वाका. एका हातात मोबाईल धरून कॅच घ्यायला जाऊ नका.

• बॉल खुर्चीवर किंवा रेलिंगवर आपटून कुठेही उडू शकतो, तो थांबेपर्यंत सावध राहा.

• सोबत लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर पुढच्या रांगा टाळा. त्यांना पटकन बाजूला होता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठीही तुम्हीच बघायचं.

लागलाच तर?

लगेच स्टेडियमच्या वैद्यकीय कक्षात जा. डोळ्याला लागलं असेल तर चोळू नका, दाबू नका. डोक्याला लागल्यावर उलटी, गुंगी, चक्कर, गोंधळल्यासारखं होणं किंवा वाढती डोकेदुखी जाणवली तर मॅच सोडून थेट हॉस्पिटल गाठा. "काही नाही झालं" म्हणून बसून राहू नका.

सिक्सरचा एचडी व्हिडिओ तर दहा मिनिटांत सगळीकडे येतोच, तोही तुमच्यापेक्षा चांगल्या कॅमेऱ्यातून. तिकिटाचे पैसे आपण डोळ्यांनी बघायला मोजलेत. तेव्हा पुढच्या मॅचला बॉल हवेत असेल तेव्हा मोबाईल खाली आणि नजर वर. आणि तुमच्या ग्रुपमध्ये जो मित्र सारखा हात वर करून शूटिंग करत असतो, त्याला हा लेख नक्की पाठवा!