कलरोधक दांड्याची निवड : नित्य वापराच्या मोटारगाडीच्या संदर्भात

मोटारगाडी वेगाने वळण घेऊ लागली म्हणजे तिचे धूड वळणाच्या बाहेरच्या बाजूस कलते, हा नित्याचा अनुभव होय. हे कलणे मर्यादेत ठेवण्यासाठी डाव्या व उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारा एक पोलादी दांडा गाडीखाली आडवा बसविलेला असतो. त्यास अँटी-रोल बार किंवा स्वे बार अशी नावे आहेत. गॅरेजात तो स्टॅबिलायझर रॉड म्हणून ओळखला जातो. प्रस्तुत लेखात त्यास कलरोधक दांडा असे म्हटले आहे. (‘कलन’ हा शब्द अधिक सुटसुटीत झाला असता, परंतु तो गणितज्ञांनी पूर्वीच आपलासा केला आहे.) कॅनडातील फ्रेडरिक्टन येथील स्टीफन कोलमन यांना अशा दांड्याचे पेटंट १९१९ मध्ये मिळाले. म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. तरीही तिच्याविषयीचे गैरसमज अद्याप ताजेच आहेत.

कारखान्याने बसविलेला दांडा काढून त्याच्या जागी बाजारात मिळणारा अधिक जाड दांडा बसविण्याची हौस मोटारप्रेमी मंडळींत पुष्कळ आढळते. तिच्यामागील समीकरण साधे असते : जाड दांडा म्हणजे कमी कल, आणि कमी कल म्हणजे अधिक पकड. या समीकरणाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र सरसकट खरा नाही, आणि ज्या गाडीतून रोज कामावर जावयाचे, मुलांना शाळेत पोचवावयाचे, तिच्या बाबतीत ही चूक कधी कधी फार महाग पडण्याचा संभव असतो.

प्रथम दांड्याचे कार्य पाहू. दांड्याचा मधला सरळ भाग दोन रबरी बुशांच्या आधाराने गाडीच्या सांगाड्यास टांगलेला असतो. त्याची दोन्ही टोके वळवून बाहू केलेले असतात आणि हे बाहू लिंक रॉडांच्या द्वारे चाकांच्या आधारास जोडलेले असतात. दोन्ही चाके एकाच वेळी वर गेली तर दांडा बुशांत नुसता फिरतो व काहीही विरोध करीत नाही. सबब गतिरोधक सरळ ओलांडताना दांडा जाड असो वा बारीक, फरक जाणवत नाही. एक चाक वर व दुसरे खाली अशी स्थिती झाली म्हणजे मात्र मधल्या भागास पीळ बसतो आणि तो पीळ दोन्ही चाकांना समपातळीवर आणू पाहतो. वळणावर हे इष्ट असते. परंतु एकाच बाजूचे चाक खड्ड्यात गेले तरी दांड्याला त्यातील भेद कळत नाही; तो तेथेही पीळ धरतो व एका चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूस पोचवितो. पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर जाड दांड्याची गाडी डावीउजवीकडे हिसके देत चालते व आत बसलेल्यांची डोकी हलत राहतात, त्याचे कारण हेच.

दांड्याची पिळास विरोध करण्याची शक्ती व्यासाच्या चतुर्थ घातावर अवलंबून असते. हा चतुर्थ घात ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही. २० मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरचा दांडा घेतला तर व्यास एकदशांशाने वाढतो, पण दृढता सुमारे ४६ टक्क्यांनी वाढते. २४ मिलिमीटरचा घेतला तर ती दुपटीहून किंचित अधिक होते. बाहूची लांबी वर्गाच्या व्यस्त प्रमाणात येते : मधल्या भागाचा पीळच तेवढा हिशेबात धरला तर २४० मिलिमीटरचा बाहू २२० वर आणल्याने दृढता सुमारे १९ टक्क्यांनी व २०० वर आणल्याने ४४ टक्क्यांनी वाढते. बाहूला दोन-तीन छिद्रे ठेवलेले जे जुळवणीचे दांडे मिळतात ते याच तत्त्वावर चालतात. लिंक रॉड टोकाच्या छिद्रात असता दांडा सर्वांत मऊ असतो.

पोकळ दांड्याविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. पीळ मुख्यत्वे बाहेरच्या थराने पेलला जातो. बाहेरील व्यास २५ व भिंतीची जाडी ४ मिलिमीटर असलेली नळी भरीव दांड्याच्या सुमारे ७९ टक्के दृढता देते आणि वजन मात्र ५४ टक्केच भरते. तेव्हा केवळ बाहेरील व्यास पाहून दोन दांड्यांची तुलना करणे व्यर्थ होय.

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयाचे. वळणावर आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर जो भार जातो तो गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील अंतर आणि पार्श्वत्वरण यांवर ठरतो. १२०० किलो वजनाची, ५५ सेंटिमीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेली आणि दीड मीटर चाक-अंतराची गाडी गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या त्वरणाने वळत असेल, तर २२० किलो भार आतून बाहेर सरकतो. या हिशेबात दांडा कोठेही येत नाही. कल कमी झाल्याने गुरुत्वमध्य बाहेर झुकण्याचा अल्पसा परिणाम घटतो एवढेच. एकूण भारस्थलांतर जवळजवळ तेच राहते. दांडा ठरवितो ते हे, की त्या २२० किलोंपैकी किती वाटा पुढील जोडीने उचलावयाचा व किती मागील जोडीने.

या वाटणीस महत्त्व येते ते टायरच्या एका स्वभावामुळे. भार वाढला की टायरची पकड वाढते, परंतु त्या प्रमाणात वाढत नाही. समजा, ३०० किलो भार असता टायर ०.९० पट पार्श्वबल देतो, ४०० किलोवर ०.८५ पट आणि २०० किलोवर ०.९५ पट. दोन्ही चाकांवर ३०० किलो असता जोडीचे बल ५४० किलो होते. ४०० व २०० अशी विभागणी होताच ते ५३० वर येते. याच क्रमाने ५०० व १०० अशी विभागणी झाल्यास ते ५०० पर्यंत घसरते. म्हणजे भाराची विषमता दुप्पट झाली की तोटा चौपट होतो. ज्या टोकाला जाड दांडा बसवावा त्या टोकाची पकड मर्यादेच्या प्रसंगी घटते व दुसऱ्या टोकाची वाढते, असा याचा निष्कर्ष निघतो. पुढचा दांडा जाड केला तर गाडी नाकाने सरळ जाऊ पाहते. तिला न्यूनवळणी म्हणावे. मागचा जाड केला तर शेपूट बाहेर निघू पाहते, ती अतिवळणी.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. एखाद्या गाडीच्या पुढील जोडीचा कलरोध १५० एकके व मागील जोडीचा १०० एकके आहे, आणि मागील १०० पैकी ६० स्प्रिंगांचे व ४० दांड्याचे आहेत असे धरू. मागे २० ऐवजी २२ मिलिमीटरचा दांडा बसविला. जाहिरात म्हणते, ‘४६ टक्के अधिक दृढ’. दांड्यापुरते ते खरे आहे : ४० चे ५८.६ झाले. परंतु मागील जोडीचा कलरोध सुमारे १९ टक्केच वाढला आणि संपूर्ण गाडीचा २५० वरून २६८.६, म्हणजे जेमतेम ७ टक्के. पूर्वी ४ अंश कलणारी गाडी आता ३.७ अंश कलेल. हा फरक चालकाला डोळ्यांनी दिसणे कठीण. त्याच वेळी मागील जोडीचा वाटा ४० टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर गेला. (कलकेंद्रांच्या उंचीमुळे येणारा भाग येथे बाजूस ठेवला आहे.) चालकाला ‘गाडी बदलली’ असे जे वाटते ते कल घटल्यामुळे फारसे नसून तोल मागे सरकल्यामुळे असते. कल कमी करावयास निघालेला माणूस अशा रीतीने नकळत गाडीचा स्वभाव बदलून बसतो.

स्वभाव बदलण्याचे मोल काय असते याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील शेव्हरोले कॉरव्हेअर या गाडीचे. १९६० मध्ये आलेल्या या गाडीचे इंजिन मागे होते, साठ टक्क्यांहून अधिक वजन मागील चाकांवर होते, मागील आस झुलत्या पद्धतीचा होता, आणि पुढे कलरोधक दांडा नव्हता. मागील टोक सांभाळण्याचे काम टायरांतील हवेच्या दाबावर सोपविलेले होते : पुढे १५ व मागे २६ पौंड. पेट्रोलपंपावर चारही चाकांत सारखी हवा भरली गेली की ती योजना कोलमडे. पुढील दांडा १९६२ मध्ये ऐच्छिक साहित्यात मिळू लागला आणि १९६४ च्या नमुन्यात, मागील आडव्या कमानीसह, सर्वच गाड्यांना बसविला गेला. मधल्या काळात एम्पी या कंपनीची झुलत्या आसाखाली बसवावयाची आडवी कमान बाजारातून विकत घेऊन कित्येक मालकांनी आपापली सोय केली. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात या गाडीवर कडक टीका केली. उलट १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालाने, तत्कालीन इतर गाड्यांच्या तुलनेत ती विशेष धोक्याची नव्हती, असा निर्वाळा दिला. वादाचा निकाल कोणी कसाही लावो, यंत्रशास्त्राच्या दृष्टीने बोध घेण्याजोगी गोष्ट ही, की मागील टोक निसटत असताना उपाय पुढच्या दांड्यात होता. फोक्सवागन बीटललाही पुढील दांडा १९५९ च्या ऑगस्टपासून मिळाला, तो याच हेतूने.

आजच्या बहुसंख्य लहान गाड्या पुढील चाकांनी ओढल्या जातात व कारखानदार त्या मुद्दामच न्यूनवळणी ठेवतात. कारण घाबरलेला माणूस सहजप्रवृत्तीने ॲक्सिलरेटर सोडतो व स्टिअरिंग अधिक फिरवितो. न्यूनवळणी गाडीत हे दोन्ही उपाय बहुधा उपयोगी पडतात. मागील दांडा फार जाड केलेल्या गाडीत मात्र ॲक्सिलरेटर सोडताच भार पुढे जातो, आधीच दुबळी झालेली मागील जोडी आणखी हलकी होते आणि शेपूट फिरते. कोरड्या रस्त्यावर महिनोन् महिने सुखाने चाललेली गाडी घाटातील ओल्या वळणावर, पुढे अचानक म्हैस आली असता, आपला नवा स्वभाव दाखविते. स्थैर्यनियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक योजना असल्यास ती सावरण्याचा यत्न करील. तथापि तिचे आकडे मूळ दांडा गृहीत धरून बसविलेले असतात हे विसरून चालणार नाही.

पुढचा दांडा अतिशय जाड केल्यासही एक अडचण येते. आतील पुढचे चाक हलके होते आणि साधे डिफरन्शियल असल्यास तेच चाक गरगरू लागते. वळणातून बाहेर पडताना इंजिनाची शक्ती वाया जाते.

बळकटीचा प्रश्न बहुतेक जाहिरातींत गाळलेला असतो. दांडा २० वरून २४ मिलिमीटरवर नेला तर तेवढ्याच पिळाला पोलादातील ताण २० टक्क्यांनी वाढतो. परंतु लिंक रॉड, बुश व सांगाड्यावरील कंस यांवरील बल दुपटीहून अधिक होते. हे भाग मूळ बलाच्या हिशेबाने केलेले असतात. होंडा सिव्हिकच्या नव्वदच्या दशकातील नमुन्यांवर इंटेग्रा टाइप-आरचा जाड मागील दांडा बसविण्याची पद्धत पडली, तेव्हा दांडा शाबूत राहून मागील पत्र्याची जोडणीच फाटू लागली आणि मजबुतीची पट्टी वेगळी विकली जाऊ लागली. रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश वापरल्याने दांड्याची प्रतिक्रिया त्वरित मिळते हे खरे, पण त्यांना योग्य ग्रीस न मिळाल्यास ते कुरकुरतात, आणि रस्त्याची खरखर आत अधिक पोचते. रोजच्या गाडीसाठी ही देवघेव फायद्याची आहे असे म्हणवत नाही.

अनेक लहान गाड्यांत मागील दोन्ही बाहूंना जोडणारी पिळती तुळई असते. फोक्सवागनने १९७४ च्या गोल्फमध्ये ती वापरली व पुढे ती सर्वत्र पसरली. ही तुळई स्वतःच कलरोधक दांड्याचे काम करते. अशा गाडीला मिळणारा दांडा बहुधा तुळईस समांतर बोल्टने कसलेला असतो. येथे ‘मूळ दांड्याचा व्यास किती’ हा प्रश्नच गैरलागू होय, आणि विक्रेत्यास मूळ तुळईची दृढता ठाऊक नसेल तर त्याच्या टक्केवारीला अर्थ राहत नाही.

निवडीपूर्वी जुन्या भागांची तपासणी करावी. फार कल येतो म्हणून तक्रार असलेल्या जुन्या गाडीत पुष्कळदा शॉकअ‍ॅब्सॉर्बर निकामी झालेले, बुश चिरलेले किंवा लिंक रॉड सैल झालेले आढळतात. ते बदलल्यावर नव्या दांड्याची इच्छाच उरत नाही. त्यानंतर टायर. एवढे करूनही दांडा हवाच असेल, तर एका वेळी एकाच टोकाला, मूळ व्यासापेक्षा दोन मिलिमीटरहून अधिक नाही, आणि शक्यतो जुळवणीचा घेऊन सर्वांत मऊ छिद्रावर सुरुवात करावी. शेवटचे कसणे चारही चाके जमिनीवर टेकलेली असताना करावे. गाडीची उंची कमी केलेली असल्यास लिंक रॉडांची लांबी अशी जुळवावी, की सपाट जमिनीवर उभ्या गाडीच्या दांड्यास पीळ नसेल. अन्यथा डावे वळण एक सांगेल व उजवे दुसरेच.

कायद्याची बाजूही आहे. जर्मनीत अशा सुट्या भागास मान्यतेचे प्रमाणपत्र लागते. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ विनिर्देशांत फरक करण्यास मर्यादा घालते व सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या निर्णयात ते कडकपणे वाचले आहे. तेव्हा परिवहन कार्यालयात व विमा कंपनीत आधी विचारणा केलेली बरी.

बसविल्यानंतरची परीक्षा मोकळ्या मैदानावर घ्यावी. निश्चित त्रिज्येचे वर्तुळ आखून वेग हळूहळू वाढवीत जावे आणि त्याच वर्तुळावर राहण्यासाठी स्टिअरिंग अधिक फिरवावे लागते की कमी, हे टिपावे, आय. एस. ओ. ४१३८ या मानकातील चाचणी मूलतः हीच आहे. वेगाबरोबर स्टिअरिंग वाढवावे लागत असेल तर गाडी अद्याप न्यूनवळणी आहे. मग त्याच वर्तुळावर, मध्यम वेगात, एकदम ॲक्सिलरेटर सोडून पाहावा. हीच परीक्षा जमीन ओली करून, मागील आसनावर माणसे बसल्याइतके वजन ठेवून, पुन्हा घ्यावी. तीत शेपूट हलली तर दांडा उतरवून मूळचा परत चढवावा; म्हणूनच तो आधी भंगारात देऊ नये.