परदेशात इंग्रजी शिकवायला गेलात, तर किती वर्षं राहाल?

उमेळ्यात बसून जपानच्या शाळेत इंग्रजी शिकवायची स्वप्नं बघताय? मग आधी करार वाचा. तिथल्या सरकारी 'जेट' योजनेत तो एका वर्षाचाच असतो. दोन्हीकडून तयारी असेल तर वाढतो, पण जास्तीत जास्त ५ वर्षं. म्हणजे जपानी जिभेवर बसते न बसते तोच बॅग भरा, नाहीतर दुसरी नोकरी शोधा.

आपल्याकडे आलेल्या सिंथिया फरारबाईंचं मात्र उलटं. या अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईत आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये अहमदनगरलाच वारल्या. त्यांची नगरची शाळा पाहून जोतिराव फुल्यांनी प्रेरणा घेतली. अर्थात बाईंच्या पाठीशी मिशन होतं, दरवर्षी करार संपायची धास्ती नव्हती. तुम्हाला ती असणार. तेव्हा तिसऱ्या वर्षापासूनच पुढचं काम बघायला लागा.