पडद्यापलीकडचा प्रतिवादी

रक्तदाब मोजताना डॉक्टर ‘आता बोलू नका’ असे का सांगतात, याचा आपण कधी विचार केला आहे काय? दंडाला पट्टा बांधलेला असताना माणूस नुसता बोलू लागला, तरी वरचा आकडा दहा मिलिमीटरच्या आसपास चढू शकतो. बोलण्याचा विषय हवापाण्याचा असला तरीही. मग समोरचा माणूस अनोळखी आहे, दिसत नाही, आणि त्याने आपल्याला नुकतेच चारचौघांत अडाणी ठरवले आहे, अशा वेळी त्या आकड्याचे काय होत असेल?

याचे उत्तर मला हल्ली दवाखान्यातच पाहायला मिळते. डाव्या दंडाला पट्टा असतो, उजव्या हातात मोबाईल असतो आणि अंगठा भराभर चालू असतो. ‘एकच मिनिट डॉक्टर, या गृहस्थांना उत्तर देतो आणि ठेवतो.’ आकडा येतो 162. मग मोबाईल टेबलावर पालथा ठेवायला लावायचा, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसवायचे आणि पुन्हा मोजायचे. आकडा 144 वर आलेला असतो. माणूस तोच, गोळ्या त्याच. हा फरक लक्षात न घेता औषध वाढवले, तर नंतर चक्कर येण्याची तक्रार घेऊन तोच रुग्ण परत येतो.

वादाचे विषय म्हणाल तर अठरापगड. कोणता मोबाईल चांगला, विजेवरची गाडी परवडते की नाही, बँकेचे ॲप सुरक्षित आहे का, निवडणुकीत कोणी कोणाला फसवले, आणि पोहे कांद्याचे खरे की बटाट्याचे. शरीराला मात्र विषयाचे गांभीर्य कळत नाही. देशाची सुरक्षा असो वा मिसळीतली तर्री, अपमान झाला असे मेंदूने ठरवले की ॲड्रिनलिन सुटते, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि यकृत रक्तात साखर सोडते. ही सारी तयारी पळण्याची वा झुंजण्याची असते. नाक्यावर भांडण झाले तर माणूस हातवारे करतो, चार पावले पुढे-मागे होतो, कोणीतरी मध्ये पडतो आणि तणतणत का होईना, तो घरी चालत जातो. मोबाईलवरच्या भांडणात मात्र अंगठ्याखेरीज काहीच हलत नाही. इंजिन पूर्ण वेगात फिरते आणि गाडी जागच्या जागी उभी असते.

हे केवळ माझ्या दवाखान्यातले निरीक्षण नव्हे. 2024 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 280 निरोगी प्रौढांची पाहणी झाली. त्यांपैकी काहींना रागाचा प्रसंग केवळ आठवायला सांगितला होता, तोही आठ मिनिटे. त्यानंतर त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता चाळीस मिनिटांपर्यंत मंदावलेली आढळली. चिंता वा दुःख आठवणाऱ्यांमध्ये असा परिणाम दिसला नाही. त्याआधी, 2016 मध्ये, 52 देशांतील पहिल्यांदाच हृदयविकाराचा झटका आलेल्या बारा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून असे दिसले, की तीव्र राग वा मनःक्षोभानंतरच्या तासाभरात झटक्याची शक्यता दुपटीहून अधिक होते.

हे वाचून घाबरू नका. निरोगी माणसाच्या बाबतीत कोणत्याही एका तासातली ही शक्यता मुळातच अत्यल्प असते; अत्यल्पाची दुप्पट अत्यल्पच राहते. परंतु ज्यांना मधुमेह आहे, जे धूम्रपान करतात, ज्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला आहे, त्यांनी हा हिशेब दिवसाला एका वादाचा नव्हे, दहा वादांचा करावा. आणि एक गोष्ट सर्वांनीच लक्षात ठेवावी. वाद चालू असताना छातीत दाब जाणवला, दरदरून घाम फुटला, डावा हात वा जबडा दुखू लागला, तर ‘चिडलो ना, म्हणून पित्त झाले’ असे म्हणून सोड्याची पुडी घेत बसू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पित्ताच्या नावाखाली गमावलेला एक तास नंतर कोणत्याही औषधाने भरून निघत नाही.

आता प्रश्न असा, की एरवी सभ्य असणारी माणसे इथे अशी का बोलतात? दूधवाल्याशीही ‘अहो’ म्हणून बोलणारे गृहस्थ रात्री अकरा वाजता एखाद्या अपरिचिताची अक्कल काढतात, ते का? जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने 2004 मध्ये याची काही कारणे मांडली. त्यांपैकी नाव लपवता येणे आणि चेहरा न दिसणे ही दोन सहज पटण्याजोगी आहेत. तिसरे मला अधिक महत्त्वाचे वाटते. अनोळखी माणसाचा मजकूर वाचताना त्याचा आवाज आपण आपल्याच डोक्यात तयार करतो. त्याने लिहिलेले असते ‘हो का?’ हा प्रश्न कुतूहलाचा असू शकतो, खवचटपणाचा असू शकतो, किंवा ती नुसती जांभई असू शकते. आपण चिडलेले असलो तर तो खवचटच ऐकू येतो, आणि मग आपण जे भांडतो ते बव्हंशी आपणच रचलेल्या आवाजाशी.

लेखकालाही हे उमगत नाही. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ई-मेल लिहिणाऱ्यांना वाटत होते, की आपल्या लेखनातला उपरोध सुमारे 78 टक्के वेळा वाचणाऱ्याला कळेल. प्रत्यक्षात तो ओळखला गेला 56 टक्के वेळा, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा किंचित बरा. आपल्या मराठीत तर ‘बरं’, ‘वा’, ‘असू दे’ हे शब्द केवळ सुरावर जगतात. त्यात रोमन अक्षरांत घाईने लिहिलेली मराठी. शिवाय वय कळण्याची सोय नाही. विशीतला मुलगा साठीच्या माणसाला ‘तू’ म्हणतो, आणि वय कळले की ‘काका, तुम्ही आराम करा’ म्हणतो; माझ्या अनुभवात ‘तू’पेक्षा हे ‘काका’च अधिक लागते. नात्याचा शब्द असा दगडासारखा भिरकावला जाऊ शकतो, हे या पिढीने पहिल्यांदाच पाहिले आहे.

वाद महाराष्ट्राला नवे नाहीत. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, यावरून टिळक आणि आगरकर यांच्यात जो वाद झाला, तो आजच्या कोणत्याही वादाहून कमी कडवट नव्हता. मैत्री तुटेपर्यंत तो गेला. पण त्या दोघांनी 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढलेले होते. आपण कोणाशी भांडतो आहोत हे दोघांनाही पुरते ठाऊक होते. आजच्या वादात हा मागचा धागाच नाही. समोरच्याने घरी कोणाचे आजारपण काढले आहे की नोकरी गमावली आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. त्यालाही आपले काही ठाऊक नसते.

मग वाद घालूच नये काय? असे मी म्हणणार नाही. कोणी जाहीरपणे लिहितो, की मधुमेहाच्या गोळ्या एकदम बंद करा आणि अमुक काढा घ्या. त्यावर गप्प बसणे मला एक वैद्यक व्यावसायिक म्हणून योग्य वाटत नाही. गोवरच्या लसीबद्दलचा अपप्रचार घ्या. तो ज्या 1998 च्या शोधनिबंधावर पोसला गेला, तो संबंधित वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. तरी त्यातला दावा आजही फिरतो आहे. अशा ठिकाणी मी लिहितो. मात्र ते लिहिणाऱ्यासाठी नव्हे, तर गप्प राहून वाचणाऱ्या आईबापांसाठी. एकदा, सौम्य शब्दांत, माहितीसह लिहितो. दुसऱ्यांदा फार तर एखादी शंका उरली असेल तर. तिसऱ्यांदा लिहिण्याजोगे बहुधा काही उरलेले नसते.

याला थोडा शास्त्राधारही आहे. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये, मते बदलून घेण्याची तयारी दाखवणाऱ्या लोकांच्या हजारो ऑनलाइन चर्चा तपासल्या. दोन-चार वेळा उत्तर-प्रत्युत्तर झाले तोवर मतपरिवर्तनाची आशा होती. पाचव्या फेरीपुढे ती जवळजवळ मावळलेली दिसली. ज्यांनी मत बदलवले त्यांच्या लेखनात शांत शब्द अधिक होते, आणि ‘असे असू शकेल’ या धर्तीची सावध वाक्येही. गर्जून बोलणाऱ्यांचा प्रभाव पडतो, हा समज त्यामुळे डळमळीत होतो.

तंत्रज्ञानाच्या वादांत तर ही सावधगिरी विशेष हवी, कारण तिथले सत्यही कूस बदलते. पासवर्ड दर नव्वद दिवसांनी बदलावा, त्यात चिन्हे नि आकडे घालावेत, हा दंडक ज्या मार्गदर्शिकेमुळे जगभर रूढ झाला, ती अमेरिकेच्या शासकीय मानक संस्थेने काढली होती. ती लिहिणाऱ्या बिल बर या गृहस्थांनी 2017 मध्ये जाहीरपणे सांगितले, की तिच्यातल्या पुष्कळ भागाचा आपल्याला पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी संस्थेनेही सल्ला बदलला: पासवर्ड लांब असू द्या, विनाकारण वरचेवर बदलायला लावू नका. आमच्या शास्त्रातही हेच घडले आहे. जठरातल्या व्रणाचे कारण काळजी नि तिखट, असे डॉक्टर वर्षानुवर्षे सांगत. मार्शल आणि वॉरन यांनी त्यामागचा जिवाणू दाखवला, आणि 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तेव्हा पासवर्डवरून कोणाशी रात्र जागवण्यापूर्वी हे आठवावे.

सुरक्षेचाच आणखी एक मुद्दा आहे, आणि तो घरातल्या ज्येष्ठांसाठी आहे. वाद रंगात आला की माणूस आपला अधिकार सिद्ध करू लागतो. ‘मी अमुक बँकेत तीस वर्षे नोकरी केली आहे’, ‘माझा मुलगा परदेशात याच क्षेत्रात आहे’, ‘आम्ही दोघेच राहतो, पण आम्हाला सगळे कळते’. प्रतिवादी यातले काही लक्षात ठेवत नाही. परंतु वाचणारे इतरही असतात. निवृत्त आहे, पेन्शन येते, मुलगा दूर, घरी दोघेच, एवढी माहिती ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देणाऱ्याला भरपूर झाली. फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. असा फोन आलाच तर तो बंद करावा आणि 1930 वर कळवावे.

राहता राहिली रात्र. झोपेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी हल्ली चहाआधी वादांबद्दल विचारतो. पडद्याच्या उजेडाला आपण उगाच सगळा दोष देतो. उजेडाहून घातक आहे ती वाट पाहणे. उत्तर पाठवले, दिवा मालवला, आणि आता तो काय लिहील याची वाट पाहत मेंदू पहारा देत बसतो. समोरचा अमेरिकेत असेल तर त्याची सकाळ आपल्या रात्रीच उजाडते, मग पहारा दोन वाजेपर्यंत चालतो. पहाटे रक्तदाब एरवीही चढू लागतो. अपुऱ्या झोपेनंतर तो अधिक चढतो. अशा रुग्णाला मी झोपेची गोळी सहसा देत नाही. रात्री नऊनंतर उत्तर लिहायचे असेल तर कागदावर लिहावे आणि सकाळी पाठवावे, एवढेच सांगतो. सकाळी पाठवलेल्यांची संख्या फारच थोडी आहे.

मात्र घरच्यांना एक विनंती. मोबाईल हिसकावून घेऊ नका. माझ्याकडे येणारे एक सेवानिवृत्त शिक्षक, पत्नी जाऊन दोन वर्षे झालेली, दिवसाचे सहा-सात तास राजकारणावर अनोळखी लोकांशी वाद घालत. रक्तदाब आटोक्यात येईना. सून वैतागून म्हणाली, ‘डॉक्टर, यांचे इंटरनेटच बंद करायला सांगा.’ मी त्यांना विचारले, काल दिवसभरात आपण प्रत्यक्ष कोणाशी बोललात? बराच वेळ विचार करून ते म्हणाले, ‘भाजीवाल्याशी.’ ज्या माणसाने पस्तीस वर्षे वर्गात बोलण्यात घालवली, त्याच्याशी दिवसभर बोलणारे होते ते हेच शिव्या देणारे अनोळखी लोक. तेही काढून घेतले असते तर रक्तदाब कदाचित उतरला असता, पण भूक आणि झोप यांचे काय झाले असते याची मला धास्ती वाटली. अशा एकाकीपणातून उदासी गडद होऊ लागली, जगण्यात रस वाटेनासा झाला, तर ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, घरच्यांनीही तो फोन करायला हरकत नाही.

त्या शिक्षकांच्या बाबतीत उपाय मुलाने काढला. तो दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. रोज रात्री जेवणानंतर तो फोन करतो आणि त्याच विषयांवर वडिलांशी वाद घालतो. वर्तमानपत्र वाचून, तयारी करून. तीन महिन्यांनी गोळीची मात्रा आहे तेवढीच ठेवता आली, वाढवावी लागली नाही. मोबाईलवरचे वाद थांबलेले नाहीत, पण तासा-दीड तासावर आले आहेत. मागच्या भेटीत ते एक तक्रार घेऊन आले होते. मुलगा मुद्दा हरला तरी कबूल करत नाही, आणि फोन ठेवताना दरवेळी ‘बाबा, गोळी घेतलीत ना?’ असे विचारून विषय बदलतो.