पाण्याकांठचा वणवा

नाशिकाहून घोटीमार्गें सुमारें ७० किलोमीटर गेलें म्हणजे सह्याद्रीच्या ऐन कुशींत भंडारदऱ्याचा जलाशय लागतो. एका बाजूस महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर), दुसऱ्या बाजूस रतनगड, आणि मध्यें दूरवर पसरलेलें निळें पाणी, हा देखावा आपल्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थ्यांनीं सहलीच्या निमित्तानें पाहिला असेल. हा जलाशय निसर्गानें केलेला नाहीं. रतनगडावर उगम पावणाऱ्या प्रवरा नदीस शेंडी गांवाजवळ अडवून दगडी धरण बांधण्याचें काम १९१० सालीं सुरू झालें व १९२६ सालीं पुरें झालें. मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव धरणास मिळालें, आणि तळें 'आर्थर लेक' या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. धरणाची उंची सुमारें ८२ मीटर असून त्यांत सुमारें ११ अब्ज घनफूट पाणी मावतें.

हा मुलूख अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत मोडतो. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशीं लहान लहान गांवें तळ्याच्या भोंवतालीं वसलेलीं आहेत. वस्ति मुख्यतः महादेव कोळी व ठाकर या समाजांची. अलीकडे बाहेरचीं माणसेंही येथें राहावयास येतात. कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी वनरक्षक म्हणून नोकरीनिमित्त येतात. कोणी प्रवाशांसाठीं खाणावळ घालतात. आणि शहरच्या गर्दीस कंटाळून डोंगरांत उतारवय घालवावें अशी हौस बाळगणारेही कांहीं असतात. अशा नव्या माणसास पावसाची, सापांची, एकांताची भीति आधींच कोणी तरी घालून ठेवलेली असते. वणव्याविषयीं मात्र त्याला बहुधा कोणीच कांहीं सांगत नाहीं. त्याच्याही मनांत येतें कीं, दाराशीं एवढें पाणी असतां आगीचें भय तें कसलें! या समजुतींत चूक कोठें आहे, आणि डोंगरांतील माणूस या भयाशीं कसा वागतो, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

घाटघर येथें वर्षाकाठीं सुमारें ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. या अतोनात पावसामुळेंच वणव्याची तयारी होते, हें ऐकून नवल वाटेल. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत डोंगरउतारावर गवत कमरेइतकें वाढतें. पाऊस थांबला कीं उभ्या उतारावरील पाणी वाहून जातें; मातीचा थर पातळ आणि खालीं काळा कातळ, त्यामुळें ओल टिकत नाहीं. दिवाळीनंतर गवत पिवळें पडतें, माघ-फाल्गुनांत पानगळ होते, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून पुढें चार महिने सारा डोंगर कोरड्या सरपणासारखा पडून असतो. खालीं तळें भरलेलें असलें तरी तें पाणी वरच्या गवतास भिजवीत नाहीं. पाणी खोऱ्यांत आणि आग डोंगरावर, असा हा प्रकार आहे.

डोंगरावरची आग सपाटीवरच्या आगीपेक्षां अधिक भयंकर कां, तेंही समजून घेतलें पाहिजे. ज्वाळा आणि तापलेली हवा नेहमीं वर जाते. सपाटीवर ती आकाशाकडे निघून जाते. परंतु चढावर ज्वाळांच्या पुढचें गवत त्यांच्या तोंडाशींच असतें. तें आधीं तापतें, वाळतें आणि क्षणांत पेटतें. उतार दहा अंशांनीं वाढला कीं आगीची गति साधारण दुप्पट होते, असा अंदाज अग्निशास्त्राचे अभ्यासक देतात. त्यांत दिवसा वारा खोऱ्यांतून वर वाहतो. म्हणून आगीच्या वरच्या अंगास उभें राहूं नये, आणि आग दिसतांच शिखराकडे पळूं नये, हा पहिला नियम होय. २०१८ सालच्या मार्च महिन्यांत तामिळनाडूंतील थेनी जिल्ह्यांत कुरंगणी येथील डोंगरावर गिरिभ्रमणास गेलेली मंडळी वाळल्या गवताच्या वणव्यांत सांपडलीं व वीसहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. आपल्याकडे कळसूबाई व रतनगड चढणाऱ्या मुलांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां आग लागते कशी? आपल्याकडील बहुतेक वणवे मनुष्याच्या हातून लागतात. विडी न विझवितां टाकणें, प्रवाशांनीं चूल तशीच धगधगती सोडून जाणें, नवें गवत लवकर फुटावें म्हणून जुनें पेटवून देणें, मोहाचीं फुलें वेंचण्यासाठीं झाडाखालचा पालापाचोळा जाळणें, मध काढतांना पेटविलेला पलिता खालीं पडणें, हीं नेहमींचीं कारणें होत. यांत राबाचाही उल्लेख करावा लागतो. भात व नागली यांचें रोप टाकण्यापूर्वीं शेतकरी त्या जागेवर शेण, पाला, डहाळ्या व गवत यांचे थर रचून भाजतो. यास राब भाजणें म्हणतात. त्यानें तणाचें बीं मरतें, माती भुसभुशीत होते आणि राखेचें खत मिळतें. शहरच्या माणसास हें केवळ अडाणीपण वाटतें. परंतु जाणता शेतकरी राब भाजतांना भोंवतालची जागा झाडून मोकळी करितो, दुपारचा वारा टाळतो, आणि राब थंड होईपर्यंत जागा सोडीत नाहीं. आग तीच; एक राखलेली आणि एक मोकाट, एवढाच काय तो भेद. घाईनें किंवा दुसऱ्यावर सोंपवून भाजलेला राब मात्र डोंगर पेटवितो.

डोंगर पेटला म्हणजे काय जळतें? दुरून पाहणारास वाटतें, वाळलेलें गवत होतें, जळालें. पावसांत पुन्हां येईल. पण गवताबरोबर झाडांचीं कोंवळीं रोपें जळतात, आणि जुनीं झाडें उभीं असलीं तरी त्यांची पुढची पिढी नाहींशी होते. जमिनीवर घरटें करणाऱ्या पक्ष्यांचीं अंडीं जातात. ज्या काजव्यांसाठीं मे-जून महिन्यांत हजारों लोक भंडारदऱ्यास येतात, त्यांच्या अळ्या पालापाचोळ्यांतच वाढतात. उघडी पडलेली माती पहिल्या पावसाबरोबर वाहून तळ्यांत येते, आणि धरण गाळानें भरूं लागतें. गवत गेलें म्हणजे डांगी गुरांची वैरण गेली. तेलकट कातडीमुळें मुसळधार पावसांत टिकणारी ही गुरें या भागाचें मोठें धन असून राजूरच्या बाजारांत त्यांस मान आहे.

याखेरीज आणखी एक वस्तु जळते, ती म्हणजे हाताचें काम. डोंगरांतील बहुतेक सारी कारागिरी जंगलाच्या मालावर चालते. कळक व माणवेल या जातींचे बांबू फोडून त्यांच्या कामट्या काढतात आणि सुपें, टोपल्या, डालगीं, धान्याच्या कणग्या विणतात. बांबू व पानें यांचें इरलें डोक्यावर घेऊन बायका भर पावसांत भात लावीत. मेणकापडाच्या दिवसांत तें कमी झालें असलें तरी अगदीं नाहींसें झालेलें नाहीं. कारवीच्या काठ्या उभ्या करून, त्यांवर शेणमाती लिंपून घराचे कूड करितात. उत्तरेकडे नाशिक व पालघर जिल्ह्यांच्या डोंगरांत अशाच कुडाच्या भिंतीवर गेरूचा हात फिरवून तांदळाच्या पिठानें वारली चित्रें काढतात. या कलेस २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि तिला जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे यांस २०११ सालीं पद्मश्री देण्यांत आली. त्याच मुलखांत बोहाड्याचे मुखवटे हलक्या लांकडाचे व कागदाच्या लगद्याचे करितात. बांबूचें बन एका वणव्यांत जातें. पेरांत कोंडलेली हवा तापून बार उडाल्यासारखा आवाज होतो, आणि विणणारा कारागीर तो आवाज आपल्या घरीं बसून ऐकतो.

येथेंच या विषयाचें मर्म आहे. ज्याला जंगलांतून कांहींच आणावयाचें नाहीं, त्याला वणवा म्हणजे रात्रीं दिसणारी एक शोभेची माळ. ज्याचा बांबू त्या उतारावर उभा आहे, तो मध्यरात्रीं उठून हिरव्या डहाळ्या घेऊन धांवतो. शिवाय कारागीर जें घरीं आणतो, तें आगीच्या तोंडचें काढून आणतो. कारवी सात वर्षें वाढून आठव्या वर्षीं एकदम फुलते, मग मरून वाळते आणि उभें जळण होऊन राहते. तिच्या काठ्या कुडासाठीं नेल्या तर तेवढें जळण कमी होतें. कापून नेलेलें गवत जळत नाहीं. बांबूच्या बेटांतून कोंवळे कोंब राखून तीन वर्षांवरील जून बांबू काढले तर बेट मोकळें राहतें आणि जोमानें फुटतें. तात्पर्य, मर्यादेनें चाललेला उद्योग हा जंगलाचा शत्रु नसून पहारेकरी आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें गांवांस जंगलाच्या मालावर सामूहिक हक्क मागतां येतो, आणि २०१७ सालीं केंद्रसरकारनें कायद्याच्या व्याख्येंत बदल करून जंगलाबाहेर लावलेल्या बांबूस वृक्षांतून वगळलें. या दोन्ही गोष्टींचा खरा लाभ येथें आहे.

परदेशचा दाखलाही हेंच सांगतो. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या सीमेवर १,८९७ मीटर उंचीवर ताहो नांवाचें प्रचंड सरोवर आहे. २०२१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत तेथें पसरलेल्या वणव्यानें दोन लाख एकरांहून अधिक रान जाळलें, आणि सरोवराच्या दक्षिण कांठचें सुमारें २२,००० वस्तीचें शहर रिकामें करावें लागलें. तें शहर वांचलें. त्याला झुंजणाऱ्या जवानांचे श्रम जसे कारण झाले, तसेंच वस्तीभोंवतालचें जळण आधींच विरळ केलेलें होतें, हेंही एक कारण सांगतात. त्याच सरोवराकांठच्या वाशो जमातीच्या स्त्रियांच्या टोपल्या जगप्रसिद्ध असून १९२५ सालीं निवर्तलेल्या डॅट सो ला ली हिच्या टोपल्या संग्रहालयांत ठेविल्या आहेत. कॅलिफोर्नियाच्या कित्येक जमाती टोपल्यांसाठीं सरळ कोंब फुटावेत म्हणून झुडपांस बेतानें आग लावीत, आणि त्यामुळें रानांत जळण सांचत नसे. आपल्याकडे २०२४ सालच्या एप्रिलमध्यें नैनीतालजवळचें रान पेटलें, तेव्हां वायुदलाच्या हेलिकॉप्टरनें भीमतालच्या तळ्यांतून टांगत्या बादलीनें पाणी उचलून आगीवर ओतलें. तळ्याचें पाणी डोंगरावर चढविण्यास किती सायास पडतात, तें यावरून दिसतें.

मग डोंगरांत राहावयास जाणारानें काय करावें? प्रथम कायदा समजून घ्यावा. आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या व सरकारच्या मंजुरीवांचून इतरांस विकत घेतां येत नाहीं. शेतजमीनही शेतकरी नसलेल्यास सहसा घेतां येत नाहीं. या भागांतील बरेंच जंगल १९८६ सालीं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून राखलें गेलें आहे. राखीव जंगलांत आग लावणें किंवा पेटती ठेवून जाणें हा १९२७ सालच्या वन कायद्यानें गुन्हा असून, जंगलावर हक्क असणारानें आगीची वर्दी देणें व ती विझविण्यास मदत करणें हें त्याचें कर्तव्य ठरविलें आहे.

घर बांधणें झाल्यास तें चढाच्या माथ्यावर, गवताच्या तोंडाशीं बांधूं नये. घराभोंवतीं निदान तीस फूट जागा माघांतच साफ करावी, कौलांवरचा पाला काढावा, सरपण भिंतीशीं रचूं नये. वनखातें हिंवाळ्यांत जाळरेषा काढतें, म्हणजे ठराविक रुंदीची पट्टी मोकळी करितें. गांव त्या कामास निघाल्यावर नवख्यानेंही विळा घेऊन निघावें. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ सालापासून उपग्रहांच्या साहाय्यानें वणव्यांच्या सूचना पाठवीत आहे. परंतु उपग्रहानें पाहिलें तरी विझवावयास माणूसच जावा लागतो. वणवा दिसतांच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. धरण पुरें झालें तें साल आणि हा क्रमांक एकच, म्हणून तो विसरण्याचें कारण नाहीं.

दुसरें, गांवांतील कारागिराचें गिऱ्हाईक व्हावें, आणि जमल्यास शिष्यही. प्लास्टिकच्या टोपलीऐवजीं बांबूची टोपली घेणें ही दया नव्हे. त्या पैशांनीं बांबूचें बेट राखलें जातें. अकोले तालुक्यांतील कोंभाळणे गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं गांवठी बियाणें मोठ्या कष्टानें जमवून जतन केलें, आणि २०२० सालची पद्मश्री त्यांस मिळाली. जुन्या घरांत बीं मडक्यांत राखेंत ठेवण्याची रीत आहे. ती राख चुलींतल्या आगीची असते, आणि तिच्यांत पुढच्या वर्षाचें पीक सुरक्षित राहतें.

विद्यार्थ्यांनीं सहलीस जातांना काडेपेटी शिक्षकांजवळ द्यावी, चुलीवर पाणी ओतून राख हातानें चांचपून पाहावी, आणि घरीं येतांना एखादें सूप किंवा टोपली विकत आणावी. पालकांनीं त्या वस्तूचे पैसे घासाघीस न करितां द्यावे. डोंगर दूर असला तरी त्याचें पाणी खोऱ्यांत येतें, आणि तेथला धूरही.