एक तेल, तीन गिऱ्हाईकं

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघं दोन बाईक्सवर सिंहगडला निघालो. घाट लागला आणि माझ्या गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडायचं, स्पीड वाढायचा नाही. शेवटच्या वळणांवर मागे बसलेल्याला उतरून चालावं लागलं. तो काय काय बोलला ते इथे छापता येणार नाही.

चूक माझीच होती. काकांच्या कारचं ऑइल बदललं तेव्हा डब्यात लिटरभर उरलं होतं. सिंथेटिक, महागातलं, आणि फुकट! मी ते बाईकमध्ये ओतलं.

कारमध्ये इंजिनचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. आपल्या बहुतेक फोर-स्ट्रोक बाईक्समध्ये मात्र इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघांत मिळून एकच तेल. पिस्टनला घर्षण कमी हवं. गिअरच्या दात्यांमध्ये तेल अक्षरशः चिरडलं जातं, तिथे त्याचा थर टिकायला हवा. आणि क्लचच्या प्लेट्सनी तेलात भिजूनसुद्धा एकमेकींना घट्ट धरायला हवं, म्हणजे तिथे घर्षण पाहिजेच. कारच्या पुष्कळशा तेलांत, विशेषतः पेट्रोल वाचवणाऱ्या पातळ तेलांत, घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. इंजिन खूष, क्लच बेजार.

म्हणून डबा उलटा करून 'जासो एमए' किंवा 'एमए-२' शोधा. हे १९९८ सालचं जपानी स्टँडर्ड, तेलातल्या क्लचसाठीच केलेलं. 'एमबी' लिहिलेलं तेल बिनगिअरच्या स्कूटरला चालतं, कारण तिचा क्लच कोरडा असतो. सिंथेटिक की मिनरल, हा वाद मेसमध्ये रात्रभर घाला, पण आधी एमए बघा.

ग्रेड मात्र मॅन्युअल सांगेल तीच. स्प्लेंडरला १०डब्ल्यू३०, पल्सरच्या बऱ्याच मॉडेल्सना २०डब्ल्यू५०. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंड इंजिनातला पातळपणा. पुढचा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती जाड राहतं त्याचा.

इथे हमखास एक सल्ला मिळतो, 'गिअरबॉक्स आहे ना, मग नव्वद नंबर टाक, जाड असतं.' गिअर ऑइलच्या नंबरांची पट्टीच वेगळी आहे हो! गिअरचं ९० हे साधारण इंजिनच्या ४० ते ५० इतकंच जाड. शिवाय त्यातली रसायनं क्लचसाठी नसतात.

जुनी कास्ट आयर्न बुलेट अपवाद, तिचा गिअरबॉक्स स्वतंत्र आहे. आरएक्स १०० चं टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं आणि गिअरबॉक्सला वेगळं तेल लागतं, पण क्लच त्याच तेलात बसलेला असतो, हे विसरू नका.

माझ्या गाडीत नंतर एमए तेल भरलं, तरी क्लच घसरायचा थांबेना. शेवटी प्लेट्सच बदलल्या. जुन्या काचेसारख्या गुळगुळीत झाल्यात. माझ्या खिडकीत ठेवल्यात, येऊन बोट फिरवून बघा.